सोनकांबळे साहेबांचा विध्यर्थ

सोनकांबळे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दगड चाटत होते.

लातूरच्या ऑफिसातला तो माझा पहिला दिवस. जिल्हा नवा, ऑफिस नवं, इमारत मात्र जुनी आणि भाड्याची. पूर्वी तिथं सरकीची पोती ठेवत, त्यामुळं भिंतींना अजून तेलकट वास होता. मी नेमणुकीचा कागद घेऊन दारात उभी होते. समोरच्या टेबलाशी तिशी उलटलेले एक उंच, सावळे गृहस्थ एक काळा दगड खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. त्यांनी तो सरळ जिभेला लावला, पुन्हा उजेडात धरला आणि वहीत काहीतरी लिहिलं. माझ्याकडं लक्ष गेलं तरी ओशाळले नाहीत. म्हणाले, "दगड कोरडा असला की खोटं बोलतो, बाई. ओला केला की खरं सांगतो. आन् सध्या लातुरात थुंकीइतकं सोयीचं पाणी कुठं हाय?"

आमच्या ऑफिसाचं काम जमिनीखालचं पाणी शोधायचं. साहेब भूवैज्ञानिक, मी टायपिस्ट, तीही तात्पुरती. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद निघायचा आणि त्यावर आमच्या मोठ्या साहेबांची सही व्हायची, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांची नोकरी. मी उदगीरची, लिंगायत किराणा दुकानदाराची मुलगी. आमच्या घरात बाईनं ऑफिसात जाण्याची ती पहिलीच वेळ. लातूरला मावशीकडं राहायचं या अटीवर वडिलांनी परवानगी दिली होती.

जिल्ह्याची वाटणी तेव्हा भावाभावांच्या वाटणीसारखी चालली होती. बारा खुर्च्यांपैकी पाच आमच्या वाट्याला आल्या. एका कपाटाची किल्ली जुन्या जिल्ह्यात राहिली आणि कपाट आमच्याकडं आलं. फायली तालुक्यांप्रमाणं निवडून गठ्ठ्यांनी येत होत्या. कुठला कागद इकडचा आणि कुठला तिकडचा, हे कोणालाच नीट सांगता येत नसे. त्यातच पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवून गेला होता. ऑफिसच्या ओट्यावर सकाळपासून गावोगावचे लोक येऊन बसत. बोअरची जागा दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं असे, आणि ती जागा यंत्रानं बघू शकणारा माणूस आमच्याकडं एकच होता.

साहेब अहमदपूरकडच्या एका खेड्यातले, बौद्ध. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मजुरी केली. आधीच्या मोठ्या दुष्काळात साहेब कॉलेजात होते आणि सुट्टीत आईवडिलांसोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. "सगळे खडी मोजून राहिले होते, मी फुटलेल्या दगडाच्या आत बघत बसायचो," ते सांगत. "मुकादम लई शिव्या द्यायचा. एका दगडात पांढऱ्या काचेसारखे मणी दिसले. ते कशानं झाले हे विचारलं, तर कोणालाच म्हाईत न्हाई. मग म्हटलं, हे म्हाईत करून घ्यावं." तेवढ्या एका प्रश्नापायी ते औरंगाबादला वसतिगृहात राहून भूशास्त्र शिकले.

गावात गेले की लोक त्यांना सरकारी पाणाड्या म्हणत. नारळ नाहीतर कडुलिंबाची फांदी हातात धरून पाणी सांगणारे पाणाडे गावोगाव होतेच, पण साहेबांकडं नारळ नव्हता. चार लोखंडी खुंट्या, वायरची रिळं आणि बॅटरीची एक पेटी, एवढा त्यांचा संसार. खुंट्या जमिनीत ठोकायच्या, वीज सोडायची आणि काट्यावरचे आकडे लिहून घ्यायचे. जमीन फार कोरडी असली की वीज जात नाही, म्हणून खुंटीभोवती तांब्याभर मिठाचं पाणी ओतावं लागे. हे पाणी साहेब लातूरहून कॅनमध्ये भरून नेत. ज्या गावात बाया दोन कोसांवरून घागर आणतात, तिथं त्यांच्याकडूनच पाणी मागून ते मातीत ओतणं त्यांच्यानं होत नसे. तरी ते ओतताना बघून बाया हळहळत. एका म्हातारीनं एकदा खुंटीभोवतीची ओली माती ओंजळीत घेऊन कपाळाला लावली.

"मी पाणी सांगत न्हाई, दगड सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "दगडात भेग असंल तर पाणी असंल. अन् ते बी कोणी आधी उपसलं नसंल तर." बोअर मारण्याच्या गाड्या तेव्हा नव्यानंच आलेल्या होत्या आणि लोकांना त्यांचा मोठा आधार वाटे. साहेबांना मात्र त्यांची भीती वाटायची. पाणी काढायला सगळे तयार आहेत, भरायला कोणी नाही, असं ते चहा पिता पिता म्हणत आणि समोरचा विषय बदले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली होती. मी जेवून आलेय म्हणाले. जेवून आले नव्हते. मावशीनं साहेबांचं आडनाव विचारून घेतलं होतं, आणि मी ते सांगितलं होतं. साहेबांनी डबा परत आपल्याकडं ओढला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. बोलणं मात्र पहिल्यासारखंच ठेवलं. मला ते माझ्या आडनावावरून "स्वामीबाई" म्हणत. त्यांच्या इंग्रजी अहवालांचं टायपिंग माझ्याकडं होतं आणि माझ्या चुकाही ते पेन्सिलीनंच दाखवत, शाईनं नाही.

अशात एक दिवस टपालात एक परिपत्रक आलं. स्पेनमध्ये तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं. कोरड्या मुलखात पावसाचं पाणी जमिनीत परत कसं भरायचं, हाच विषय. साहेबांनी तो कागद उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून वाचला. शेवटी एक ओळ होती. काही व्याख्यानं तिथल्या भाषेत असल्यानं स्पॅनिशची तोंडओळख असलेल्यांना प्राधान्य मिळेल. साहेबांनी मला विचारलं, अर्ज कधी टाइप होईल. मी लगेच बसले.

पुढच्या रविवारी ते हैदराबादला जाऊन फुटपाथवरून एक जुनं पुस्तक घेऊन आले. प्रवाशांसाठी स्पॅनिश, अर्थ इंग्रजीत. पहिली काही पानं गेलेली. तेव्हापासून जीपमध्ये, ओट्यावर, यंत्राच्या काट्याकडं बघतानासुद्धा त्यांचं पुटपुटणं सुरू झालं. जीपचे ड्रायव्हर रज्जाकभाई म्हणत, साहेबांनी शिकता शिकता मलाच निम्मं शिकवलं. एकदा साहेब आतल्या खोलीत मोठ्यानं "विआहे, विआहे" म्हणत येरझारा घालत होते. बाहेर आमचा शिपाई मला हळूच म्हणाला, साहेबांच्या मुलीचं जमलेलं दिसतंय, सारखं व्याह्याचं नाव घेत आहेत. साहेबांची मुलगी चौथीत होती. हे त्यांना सांगितल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. विआहे म्हणजे प्रवास, त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "बुएन विआहे" म्हणजे प्रवास सुखाचा होवो.

पण याच शब्दानं त्यांना अडवलं. पुस्तकात मागं शब्दांची यादी होती, तिथं विआहे हे नाम दिलं होतं. आत एका पानावर मात्र एक वाक्य होतं, "विआहे कोन नोसोत्रोस". त्याचा अर्थ, आमच्यासोबत प्रवास करा. म्हणजे इथं तेच क्रियापद. साहेबांना हे पटेना. एकच शब्द नामही आणि क्रियापदही कसा, आणि क्रियापद असेल तर मग मी प्रवास करतो याला काय म्हणायचं? गेलेल्या पानांत ते असणार. त्यांनी कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना विचारलं, पोस्टमास्तरांना विचारलं, हैदराबादच्या दुकानदाराला कार्ड टाकलं. आख्ख्या नव्या जिल्ह्यात त्या भाषेचं एक अक्षर जाणणारं कोणी नव्हतं.

उत्तर मिळालं ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ एका खेड्यात मिशनचा छोटा दवाखाना होता. त्यांची विहीर आटली होती आणि बोअरसाठी अर्ज आला होता. आकडे लिहून घेणारा माणूस आजारी पडला म्हणून साहेबांनी मला सोबत नेलं. वाटेत एका लिंबाखाली थांबलो, तेव्हा त्यांनी डबा उघडला आणि माझ्याकडं न बघता खाऊ लागले. मी म्हणाले, साहेब, मलाही भूक लागलीय. त्यांनी डब्याचं झाकण माझ्यापुढं सरकवलं, त्यावर एक भाकरी आणि ठेचा ठेवला. घरी मी हे सांगितलं नाही.

दवाखान्यात "बर्री, बर्री" असं कानडीत या, या म्हणत एक बुटक्या, गोल चेहऱ्याच्या सिस्टर सामोऱ्या आल्या. मूळच्या केरळच्या, मराठी आणि कानडी दोन्ही मिसळून बोलत. साहेब खुंट्या ठोकत असताना नेहमीप्रमाणं पुटपुटत होते. सिस्टर मागं उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे तुम्ही कुठं शिकलात? नर्सिंग शिकायला त्या स्वतः दोन वर्षं स्पेनमध्ये राहून आल्या होत्या. साहेबांच्या हातातली घणाची दांडी सुटली. एवढा माणूस, पण पहिल्या बाकावरच्या पोरासारखे त्यांनी घाईघाईनं खिशातून पुस्तक काढलं आणि ती दोन पानं दाखवली.

सिस्टरनी समजावून सांगितलं. "नाम हाय तेव्हा प्रवास. तिकिटावर असतो, तो. पण मी प्रवास करते असं सांगायचं, तर विआहे चालत नाही, विआहो म्हणायचं. विआहे कधी? दुसरा कोणी तुम्हाला म्हणतो, प्रवास करा. नाहीतर कोणाची इच्छा असते, की तुम्ही प्रवास करावा. तेव्हाच."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपला विध्यर्थ, स्वामीबाई. करावा, जावा, यावा. सातवीत शिकलो होतो." आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांना एकदम हसू फुटलं. "आपलं सगळं ऑफिस विध्यर्थात चालून राहिलं. पाठवावे, कळवावे, सादर करावे. अमका अमुक करतो, असं एका बी पत्रात टाइप केलंय का तुम्ही?" मी आठवून पाहिलं. केलं नव्हतं.

दवाखान्याच्या बोअरमधून नुसती करडी भुकटी निघाली. तीनशे फुटांपर्यंत. साहेब ते सांगायला स्वतः गेले. पत्र पाठवता आलं असतं, पण ते म्हणाले, जागा मी दाखवली, तोंड बी मीच दाखवतो. सिस्टरनी त्यांना जेवायला घालून पाठवलं.

दरम्यान अर्ज पुढं सरकला होता आणि साहेबांची निवड झाल्याचं मुंबईहून पत्र आलं. ऑफिसानं त्यांना सोडायला हरकत नाही असं कळवायचं, की मग रवाना होण्याचा आदेश निघणार. इथून पुढं जे झालं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हरकत नाही असं लिहायला सेवापुस्तक हवं. सेवापुस्तक म्हणजे सरकारी नोकराची जन्मकुंडली, ते जुन्या जिल्ह्यात राहिलं होतं. आम्ही लिहिलं, पुस्तक पाठवावे. त्यांनी लिहिलं, सदर कर्मचारी आमच्याकडे नाही, सबब पुस्तक असण्याचा प्रश्न नाही. आम्ही लिहिलं, शोध घ्यावा. ही सगळी पत्रं मीच टाइप करत होते. शेवटी साहेब एका सोमवारी एसटीनं स्वतः गेले. तिथल्या एका भल्या कारकुनानं त्यांना माळ्यावर चढू दिलं. दिवसभर गठ्ठे उपसल्यावर पुस्तक निघालं. ते ज्या गठ्ठ्यात होतं, त्यावर ठळक अक्षरांत "लातूरला पाठविणे" असं लिहिलेलं होतं. साहेब धुळीनं माखून परत आले आणि पुस्तक छातीशी धरून माझ्या टेबलापुढं उभे राहिले. त्या वेळी मला ते फार तरुण दिसले.

मग घरीही हालचाल सुरू झाली. पासपोर्ट झाला. त्यासाठी फोटो काढताना कोट रज्जाकभाईंच्या मेव्हण्याचा होता. साहेबांच्या पत्नी शांताबाई, एरवी फारसं न बोलणाऱ्या, एकदा ऑफिसात येऊन मला सोबत घेऊन गोलाईच्या बाजारात गेल्या. भर एप्रिलात आम्ही दुकानादुकानांतून स्वेटर मागत फिरलो आणि लोक आमच्याकडं बघत राहिले. "तिकडं थंडी लई असती म्हणे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी जन्मात स्वेटर घातला न्हाई. बाह्या कशा मापाव्यात?"

आता आमच्या मोठ्या साहेबांविषयी. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावर रोज वरून फोन, खालून मोर्चे. टँकर किती, बोअर किती, कोरडे किती. यंत्र लावणारा एकुलता एक माणूस ऐन उन्हाळ्यात तीन महिने सोडायचा, म्हणजे त्यांची झोप गेली होती. तरी त्यांनी सोनकांबळे साहेबांना नाही म्हटलं नाही. हरकत नसल्याचं पत्र मी टाइप करून नेलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचून सही केली, खाली तारीख घातली. मग पत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "सही केली आहे. पण लगेच पाठवू नका. शिरूर अनंतपाळकडची गावं होऊ द्या. बुधवारी बघू."

तेव्हा शिरूर अनंतपाळ तालुका झाला नव्हता. रस्ते धड नव्हते आणि त्या भागातल्या गावांची यादी लांबलचक होती. मी पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. माझ्या मुदतवाढीचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्यापुढं जायचा होता. त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही, करायची गरजही नव्हती. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. बुधवारी मोठे साहेब दौऱ्यावर गेले. गुरुवारी मी विचारलं, तर ते फोनवर होते. शनिवारी त्यांनी नुसता हात हलवला, थांबा असा. सोनकांबळे साहेब या दिवसांत पहाटे निघून अंधार पडता पडता येत, चेहरा उन्हानं रापलेला. येता जाता मला विचारत, मुंबईला पत्र गेलं का? मी म्हणायची, सहीला आहे. ते मान हलवून यंत्राची पेटी जागेवर ठेवत.

नवव्या दिवशी मोठ्या साहेबांनी परवानगी दिली आणि मी पत्र जावक रजिस्टरात नोंदवून टपालात टाकलं.

मुंबईचा आदेश आला, त्यात लिहिलं होतं, श्री. सोनकांबळे यांनी अमुक तारखेपूर्वी रवाना व्हावे. ती तारीख उलटून चार दिवस झाले होते. आदेश तिकडून वेळेवर निघाला नव्हता, कारण आमचं पत्रच उशिरा पोचलं होतं. टपाल मीच त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, पुन्हा वाचलं. तार केली तर, असं मी काहीतरी म्हणाले. त्यांनी तार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, जागा दुसऱ्या राज्यातल्या उमेदवाराला दिली आहे, पुढल्या वर्षी विचार व्हावा. पुढल्या वर्षी ते प्रशिक्षण निघालंच नाही.

ज्या दिवशी तारेचं उत्तर आलं, त्या दिवशी ओट्यावर निलंग्याकडचे लोक बसले होते. साहेब बाहेर आले, त्यांच्या गावाचं नाव विचारलं आणि म्हणाले, "चला रज्जाकभाई." पाण्याचा कॅन स्वतःच उचलून जीपमध्ये ठेवला. मी दारात उभी होते. आज सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात होतं. जीप गेली.

पुढं पाऊस पडला, दुष्काळ सरला. मला नोकरीत कायम केलं. साहेबांची नांदेडला बदली झाली, बढती मिळाली, तिथंच ते निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. मधल्या वर्षांत दोन-चार लग्नांत, एकदा एका बैठकीत आमची भेट झाली. प्रत्येक वेळी ते आधी माझ्या उदगीरच्या घरच्यांची चौकशी करत आणि प्रत्येक वेळी मी सांगायचं ठरवून जाऊन न सांगता परत येई. मी निवृत्त झाले त्या वर्षी रज्जाकभाईंचा फोन आला. साहेबांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, भेटून घ्या.

मी नांदेडला गेले. तरोड्याच्या बाजूला त्यांचं लहानसं घर. दुपारची वेळ होती. पलंगावर साहेब आडवे होते, एवढा उंच माणूस गादीवर मावेल इतका झालेला. शांताबाईंनी खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. पाणीसुद्धा मोजून प्यायचं, असं साहेबांनी मला सांगितलं, दिवसाला पाचच पेले, आणि ते सांगताना त्यांना हसू आलं. मग डोळे मिटून पडून राहिले. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी सरळ बोलून टाकलं.

"साहेब, मुंबईला जायचं ते पत्र नऊ दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होतं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "म्हाईत हाय," म्हणाले.

तेच पुढं बोलले, थांबत थांबत. "पत्रावर सहीची तारीख एक, जावक रजिस्टरात दुसरी. अक्षर तुमचं. मला दगड वाचता येत होते बाई, रजिस्टर वाचता येणार न्हाई का?"

मी विचारलं, मग तुम्ही मला कधी विचारलं का नाही.

"विचारून काय व्हणार होतं? तुम्ही रडला असता. मोठ्या साहेबांचं नाव सांगावं लागलं असतं, अन् तुमची नोकरी कच्ची. पत्र काही मागं जाऊन येळेवर पोचणार नव्हतं."

"राग आला नाही?"

"आला की. लई आला." आता त्यांनी डोळे उघडले. "सहा महिने तुमच्याशी बोललो न्हाई मी. अहवाल सगळे हातानं लिहून काढले, टायपिंगला एक दिला न्हाई. चहा आला की उठून बाहेर जात होतो. तुम्हाला कळलं असंलच."

साहेब माझ्या चेहऱ्याकडं बघत होते.

"कळलं न्हाई?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. त्यांना हसू फुटलं, अंग हलायला लागलं, खोकला आला. शांताबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या. साहेब त्यांना म्हणाले, "शांता, ऐक. मी सहा महिने रुसलो, अन् ह्यांना कळलंच न्हाई."

शांताबाई हसल्या नाहीत. माझ्या हातात कप देत म्हणाल्या, "मला कळलं होतं. घरी बी बोलत नव्हते."

त्यानंतर आम्ही इकडचं तिकडचं बोललो. निघताना मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी ओढून घेतल्यासारखे पाय मागं घेतले आणि पोचल्यावर फोन करा म्हणाले. पंधरा दिवसांत ते गेले. मला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्या भेटीपासून मी ते सहा महिने आठवून बघते. कोरडी गेलेली एक दिवाळी आठवते. ओट्यावरची माणसं आठवतात, मावशीकडं लागलेलं आजारपण आठवतं. मुदतवाढीचा कागद हातात पडल्यावर मी बसस्टँडपर्यंत जवळजवळ पळत गेले होते, वडिलांना उदगीरला जाऊन सांगायला, तेही आठवतं. साहेब त्या काळात माझ्याशी बोलत नव्हते, हे मात्र कुठंच सापडत नाही.